साडेसहाशेचा पफ किट आणि महाद्वार रोडचे केसांत खोवायचे आकडे : घरीच जुना अंबाडा घालून बघितला त्याचा रिव्ह्यू

डोक्यावरचे केस फुगवायच्या ह्या किटला पाचपैकी दोन स्टार, आणि त्यातला दीड एकट्या स्पंजला. बाकी तो प्लॅस्टिकचा पफ, त्या दहा पिना, तो कंगवा, काही आलं नसतं तरी चाललं असतं. पण एवढं एका ओळीत लिहून पळून जाण्यात अर्थ नाही, कारण मीपण असलेच एका ओळीतले रिव्ह्यू वाचून तो मागवला, ‘मस्त आहे’, ‘सुपर’, ‘पैसा वसूल’, आणि एकीनं फोटो टाकलेला तोपण डोक्याचा नव्हे, डब्याचा. तेव्हाच कळायला पाहिजे होतं. म्हणून सविस्तर लिहिते. (आमच्या कोल्हापुरात बायकापण ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, लिहिताना तेवढं सांभाळते, कुठं सुटलं तर समजून घ्या.)

झालं असं की ह्यांच्या आत्यांची पंचाहत्तरी होती. राजारामपुरीत हॉल घेतलेला, ऐंशी-नव्वद माणूस, आणि पुण्यामुंबईच्या पुतण्या-भाच्यांनी ठरवलं की सगळ्या बायकांनी आत्यांच्या कॉलेजच्या काळातलं नटून यायचं, म्हणजे ६८-७० सालचं. साड्यांचं काही नाही, सासूबाईंची ट्रंक उघडली की झालं. लोचा केसांचा. त्या काळचा तो डोक्यावर उंच फुगवलेला अंबाडा, शर्मिला टागोर, आशा पारेख यांच्या डोक्यावर असायचा तसला, तो कुणाला येतो? पार्लरमध्ये विचारलं तर २२०० रुपये, वर त्या दिवशी लग्नं आहेत म्हणून सकाळी नऊची वेळ. कार्यक्रम संध्याकाळी सहाचा. नऊ तास डोकं हातात घेऊन बसू का मी? मग म्हटलं घरीच करू, आणि रात्री अकरा वाजता ते खरेदीचं ॲप उघडलं, आणि रात्री अकरा वाजता जे होतं तेच झालं, ६४९ रुपये गेले.

चार दिवसांत बॉक्स आला. वर एका गोऱ्या बाईचा फोटो आणि ‘५ मिनिटांत पार्लर लुक’. आत एक मोठा आणि एक छोटा प्लॅस्टिकचा पफ, म्हणजे अर्धगोल चंद्रकोरीसारखं काळं प्लॅस्टिक, खालच्या कडेला कंगव्यासारखे दात, ते दात केसात रुतवायचे आणि वरनं केस पसरायचे की डोकं आपोआप उंच. मग एक लांबट काळा स्पंज, एका बाजूला चिकटपट्टी. दहा काळ्या पिना, ज्यातल्या दोन पहिल्यांदा उघडतानाच पसरल्या त्या पसरल्याच, परत मिटल्या नाहीत. एक शेपटीचा कंगवा, हलका, दाबला की वाकणारा. आणि बोटाएवढी हेअर स्प्रेची बाटली. सूचनांचा कागद होता पण त्यात चार चित्रं, तिसऱ्या आणि चौथ्या चित्राच्या मध्ये बाईच्या डोक्यावर अख्खा अंबाडा तयार झालेला. मधलं काय झालं ते देवाला माहीत.

पहिला प्रयोग रविवारी. मी अगदी शिस्तीत सकाळी डोक्यावरनं न्हाले, कंडिशनर लावला, ड्रायरनं वाळवले, केस असे रेशमासारखे झाले म्हणून सांगू. आणि तिथंच घोळ झाला ते नंतर कळलं. पफ रुतवला, वरनं केस घेतले, पिना लावल्या, आरशात बघितलं तर चांगलं वाटलं की. फोटोसाठी मान वळवली तर पफ हळूहळू मागं सरकायला लागला. आपल्या रंकाळ्यातल्या बोटी किनाऱ्यापासनं जशा सुटतात तसा, घाई नाही, गडबड नाही, पण थांबतपण नाही. बाजूनं ट्यूबलाइटच्या उजेडात केसांतनं काळं प्लॅस्टिक चमकत होतं. लेक नववीत आहे, ती माझ्या मागं मोबाईल घेऊन उभी, म्हणाली, “मम्मी, मागनं टोपी घातल्यागत दिसालंय.” चहाला आधण ठेवलं, चहा गाळेपर्यंत टोपी मानेवर. पाच मिनिटांत पार्लर लुक हे खरंच होतं म्हणायचं, पाच मिनिटंच होता.

प्लॅस्टिकच्या पफबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर ज्यांचे केस दाट, थोडे राठ, कुरळे आहेत त्यांच्या डोक्यावर तो धरत असेल. माझे केस बारीक, सरळ, बाळंतपणानंतर निम्मे उरलेले. असल्या केसात त्या दातांना धरायलाच काही मिळत नाही. आणि केस पातळ असले की वरचा थर प्लॅस्टिक झाकत नाही. म्हणजे ज्या बायकांना पफची जास्त गरज त्यांच्याच डोक्यावर तो टिकत नाही, काय करायचं असल्या वस्तूचं.

त्या दिवशी सासूबाई सोफ्यावर शेंगा सोलत सगळं बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मी बॉक्स परत भरायला लागल्यावर म्हणाल्या, “न्हालीस कशाला?”

मी म्हटलं, “अहो आई, फंक्शनला जायचं तर तेलकट केस घेऊन जाऊ का?”

“तेलकट नव्हे गं. न्हाऊन एक दिवस झालेले केस घ्यायचे. आजच्या आज न्हालेल्या केसात आकडा राहतो होय? आम्ही शनिवारी न्हायचो आणि रविवारी केस घालायचो.”

मग निघालं सगळं. त्या राजाराम कॉलेजात होत्या ६९-७० च्या सुमाराला, आणि गॅदरिंगला त्यांनी असाच उंच अंबाडा घातलेला. आत भरायला स्पंज कुठला, तर स्वतःचं गुंतवळ. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी, केस विंचरताना कंगव्यात जे गळालेले केस येतात ना त्याचा गुंडा. तो त्या काळी बायका टाकत नव्हत्या, डब्यात साठवायच्या, मग दारावर येणाऱ्या बाईला देऊन त्याच्या बदल्यात पिना, सुया, डबी घ्यायच्या, नाहीतर त्याचंच गंगावन करून घ्यायच्या. सासूबाईंनी ते गुंतवळ धुऊन, वाळवून, जुन्या जाळीत भरून त्याचा लिंबाएवढा गोळा केला आणि अंबाड्याच्या पोटात घातला. रंग आपलाच, पोत आपलाच, बाहेरनं ओळखू येणं शक्य नाही. मला आधी ई झालं, मग नंतर वाचलं तर गोऱ्या मॅडमलोकांचीपण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हीच पद्धत, ड्रेसिंग टेबलावर झाकणाला भोक असलेलं खास भांडं असायचं, त्यात गळालेले केस साठवायचे आणि त्याचा गोळा करून केसांच्या पोटात घालायचा, त्या गोळ्याला चक्क ‘रॅट’ म्हणायचे. उंदीर! म्हणजे किटमधला स्पंज हा त्या उंदराचाच नातू.

आणि सगळ्यात भारी म्हणजे, तसा अंबाडा घालून त्या बाहेर पडताना त्यांचे वडील, दादा म्हणायच्या त्या त्यांना, पडवीत बसलेले, ते म्हणाले, “डोक्यावर आग्या माश्यांचं पोळं घेऊन कुठं निघालीस?” सासूबाईंना आजही त्याचा राग आहे. मी त्यांना सांगितलं की आई, ह्या हेअरस्टाइलचं इंग्रजी नावच ‘बीहाइव्ह’ आहे, म्हणजे मधमाश्यांचं पोळं, १९६० साली शिकागोच्या मार्गारेट विंची हेल्ट नावाच्या हेअरड्रेसर बाईंनी एका ब्युटी मासिकासाठी ती बनवली, त्यांच्याकडं मखमलीची छोटी तुर्की घाटाची टोपी होती, ती काढल्यावरपण डोक्याचा आकार तसाच राहावा अशी कल्पना. सासूबाईंनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाल्या, “म्हणजे दादा बरोबर होते होय.” आणि परत शेंगा.

तर मुद्द्याचं. सोमवारी कॉलेज सुटल्यावर महाद्वार रोडला गेले. अंबाबाईच्या देवळाच्या बाजूला बांगड्या, टिकल्या, गंगावनं लावलेली जी छोटी छोटी दुकानं आहेत त्यातल्या एका दुकानात, नाव लिहीत नाही कारण पाटीच नाही, दुकान म्हणजे एका माणसाला बसायला जागा आणि बाकी सगळं लटकतंय. मी म्हटलं उंच अंबाडा घालायचाय, तर त्या बाईंनी मला काही न विचारता सामान काढायला सुरुवात केली. लोखंडी आकडे, म्हणजे इंग्रजी यू सारखे असतात ते, पाकीट १५ रुपये. काळ्या पिना दोन पाकिटं ४०. दातांमध्ये कमी अंतर असलेला, जड, ताठ शेपटीचा कंगवा ४०. अंबाड्याची बारीक जाळी १०. केस वेगळे धरायला चार मोठे चिमटे ३०. झाले १३५. मी प्लॅस्टिकचा पफ विचारला तर म्हणाल्या, “नवरीला नेतात तो. तुमच्या केसाला नको, घसरतोय.” माझ्या डोक्याकडं एकदा बघून हे सांगितलं बाईंनी, आणि ॲपवर मी चाळीस फोटो बघून मला कळलं नव्हतं. स्प्रे तेवढा दुसऱ्या दुकानातनं चांगल्यातला घेतला, २८० रुपये.

आता कृती. मी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते त्यामुळं जरा मास्तरकी येईल, सहन करा.

केस म्हणजे केराटिन नावाचं प्रोटीन, आणि केसावर बाहेरनं बारीक बारीक खवले असतात, एकावर एक रचलेले, मुळाकडनं टोकाकडं उतरणारे. कौलारू घराची कौलं आठवा. वरनं खाली हात फिरवला तर गुळगुळीत, खालनं वर फिरवला तर कौलाची कड बोटाला अडकते. उलटा कंगवा म्हणजे तेच. टोकाकडनं मुळाकडं कंगवा ढकलला की खवले उचलले जातात, एका केसाचा खवला दुसऱ्यात अडकतो, आणि मुळाशी एक गादी तयार होते. ही गादी म्हणजे खरा पफ. प्लॅस्टिक, स्पंज, गुंतवळ, काहीही घाला, खाली ही गादी नसेल तर ते सरकणारच. आणि कंडिशनर करतो काय, तर तेच खवले बसवून गुळगुळीत करतो. म्हणून सासूबाईंचं ‘न्हालीस कशाला’ हे शंभर टक्के शास्त्रशुद्ध निघालं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही, चढतील.

बुधवारी दुसरा प्रयोग, आदल्या दिवशी न्हालेले केस, मुळाशी चिमूटभर साधी टाल्कम पावडर लावून, म्हणजे जरा खरखरीत होतात. आधी कपाळावरचा पुढचा दोन बोटांचा थर वेगळा घेऊन चिमट्यानं पुढं अडकवून ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही, तो शेवटी झाकण म्हणून लागतो. मग टाळूवरचे केस. त्याचे आडवे पातळ थर, मी पाच केले. मागचा थर सरळ वर आकाशाकडं ताणून धरायचा, नाही ताणला तर नुसता गुंता होतो, गादी होत नाही. मग मुळापासनं चार बोटं वर कंगवा घालून खाली मुळाशी दाबत आणायचा, बाहेर काढायचा, परत चार बोटं वर, परत खाली. वरखाली घासायचं नाही, एकाच दिशेनं. तीन-चार वेळा केलं की हात सोडला तरी थर आपला आपण उभा राहतो. खरंच उभा राहतो! मी पहिल्यांदा हात सोडला आणि तो पडला नाही तेव्हा मी आणि लेक दोघी ओरडलो. मग मुळाशी वीतभर लांबनं स्प्रे, दोन सेकंद, आणि पुढचा थर. पाची थर झाल्यावर आरशात बघू नका, सांगून ठेवते. मुंज्या बसलेल्या झाडाखालनं उठून आल्यासारखं दिसतं. ह्यांनी दार उघडलं, बघितलं, दार लावलं.

मग तो राखून ठेवलेला पुढचा थर सगळ्यावरनं मागं आणायचा आणि कंगव्याच्या दातांनी अगदी वरनं वरनं, मांजराच्या पाठीवरनं फिरवतात तसा हात फिरवायचा. आत गेला कंगवा की गादी फिसकटली. मागं डोक्याच्या उंचवट्याखाली सगळे वरचे केस एकत्र करून पिळा द्यायचा, तो पिळा किंचित वर ढकलायचा, ढकलला की पुढचा भाग फुगतो, आणि पिळ्यावर दोन पिना फुलीसारख्या. किटमधला स्पंज मी इथं वापरला, गादीच्या मागच्या बाजूला, आणि तो खरंच उपयोगी पडला, हलका आहे, केसाला धरतो, डोकं दुखत नाही. दीड स्टार त्याचा.

खालचे केस फ्रेंच रोलमध्ये घेतले. सगळे एका बाजूला ओढून मानेपासनं वर उभ्या ओळीत पिना, प्रत्येक पिन आधीच्या पिनेत अडकवत, शिवणीसारखी. मग केस उलट बाजूला आणून ह्या ओळीवर गुंडाळून टोकं आत ढकलायची आणि कडेला आकडे. आकडा सरळ खुपसायचा नाही, हे सासूबाईंनी माझा हात धरून दाखवलं. आधी आकडा उलटा धरून, म्हणजे टोकं अंबाड्याच्या बाहेरच्या बाजूला, गुंडाळीचे चार केस टोकांत घ्यायचे, मग आकडा उलटवून टाळूजवळच्या केसांत घालून आत ढकलायचा. ‘टक्’ असं काही ऐकू येत नाही पण बोटाला कळतं, बसला. ह्याच्या आधी मी इतकी वर्षं आकडे खुपसत होते आणि इतकी वर्षं ते कॉलेजच्या स्टाफरूममध्ये गळत होते.

आणि काळ्या पिनेचं तर हसू येईल. पिनेची एक बाजू सरळ, एक नागमोडी. मी आयुष्यभर नागमोडी वर ठेवली, डिझाइन आहे म्हणून. ती खाली ठेवायची असते, टाळूकडं, त्या वळणांनी केस धरायचे असतात. दोन मैत्रिणींना विचारलं, दोघीपण वरच ठेवतात. तुम्हीपण बघा आत्ता डोक्याला हात लावून.

बुधवारी मला एक तास चाळीस मिनिटं लागली. हात भरून आले, खांद्यात गोळे. पुढच्या रविवारी, कार्यक्रमाला, पंचावन्न मिनिटांत झालं. त्यामुळं पहिल्यांदाच कार्यक्रमाच्या दिवशी करायला जाऊ नका, किट असो नसो.

रविवारी पाऊस. पाऊस म्हणजे आपला जुलैचा, सकाळपासनं एकसारखा, कपडे चार दिवस वाळत नाहीत तो. आणि जुन्या पद्धतीच्या केसांचा खरा दुश्मन हा, पावसाचे थेंब नव्हे, हवेतला ओलावा. केसातल्या प्रोटीनच्या साखळ्या एकमेकींना ज्या नाजूक हायड्रोजन बंधांनी धरून असतात ते पाण्यानं सुटतात आणि वाळताना ज्या आकारात केस असेल त्या आकारात परत जुळतात. म्हणून ओले केस वेणी घालून झोपलं की सकाळी लाटा. आणि म्हणूनच दमट हवेत घातलेला आकार ढिला पडतो. स्प्रे काय करतो तर अल्कोहोलमध्ये विरघळलेलं पॉलिमर केसांवर बसतं, अल्कोहोल उडून जातं, आणि केसाकेसात बारीक पूल तयार होतात. पूल! खांब नव्हे. खांब उलट्या कंगव्यानं आधी उभे करायला लागतात. किटमधली ती बोटाएवढी बाटली मी बुधवारीच संपवलेली आणि तिचे पूल म्हणजे आपल्याकडच्या काही रस्त्यांसारखे, पहिल्या पावसापर्यंत. विकत आणलेला बरा निघाला. पण तोपण एकदम भसाभसा मारायचा नाही, केस ओले होतात आणि मग वजनानंच बसतात. थोडा मारा, वाळू द्या, परत थोडा.

स्प्रे मारत होते तेव्हा सासूबाई आतल्या खोलीत देवापुढं दिवा लावत होत्या आणि आमचं देवघर म्हणजे बेडरूमच्या दारातच. लेकीनं डबा वाचला आणि किंचाळली. बरोबर आहे तिचं, ह्या डब्यांत ढकलायला जो गॅस भरतात तो बहुतेक आपल्या सिलिंडरच्याच घराण्यातला, ब्यूटेन-प्रोपेन, आणि वर अल्कोहोल. दिवा, गॅस, उदबत्ती, काही जवळ नको, खिडकी उघडी पाहिजे. आणि मला तर तिकडं जाऊन पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचं होतं! वाळल्यावर तेवढा धोका नाही तरी मी हॉलमध्ये ताट अख्ख्या हाताच्या अंतरावर धरून ओवाळलं, फोटोत असं दिसतंय की मला आत्यांची भीती वाटते.

जायचं कसं हा वेगळाच प्रश्न. ॲक्टिव्हा बाद, कारण हेल्मेट. (कोल्हापुरात गावातल्या गावात हेल्मेट घालतंय कोण ते सोडा, पण पाऊस तर आहे.) रिक्षा केली. मंगळवार पेठेतनं राजारामपुरी म्हणजे किती लांब, पण रिक्षात बसताना डोक्याची उंची चार बोटांनी वाढली आहे हे शरीराला माहीत नसतं. टप्पकन वरच्या कापडाला लागलं. मग पूर्ण रस्ता मी मान तिरकी करून, एका हातानं पदर, एका हातानं समोरची दांडी. प्रत्येक खड्ड्याला एक हात आपोआप डोक्याकडं. रिक्षावाले मामा आरशात बघून म्हणाले, “ताई, नाटक आहे काय?” मी हो म्हटलं. कोण सांगत बसतंय.

आता मुख्य, टिकला का? साडेचारला घातला, सहाला हॉल, ओवाळणं, भाषणं, फोटो, तांबडा-पांढरा, मग आत्यांच्या नातवानं गाणी लावली, नाच. साडेआठपर्यंत जागचा हलला नाही. नवाच्या सुमाराला डाव्या कानावरची एक बट सुटली आणि पुढचा फुगा एका बोटानं बसला, बास. साडेदहाला घरी आले तेव्हापण अंबाडा अंबाड्याच्या जागी होता. माझ्या जावेनं हाच किट घेतलेला, माझ्यानंतर, माझा रिव्ह्यू न विचारता, तिचा प्लॅस्टिकचा पफ पांढऱ्या रश्शाला वाकल्यावर पुढं आला. पुढं, मागं नव्हे. पडला नाही वाटीत एवढंच. मी लगेच माझ्या पिशवीतल्या चार पिना आणि दोन आकडे घेऊन तिला बाथरूममध्ये नेलं, पफ काढला, आहे त्या केसांना उलटा कंगवा मारून साधा अंबाडा घातला, वर गजरा. दहा मिनिटं. फोटोत तिचंच जास्त चांगलं आलंय, असो.

आत्यांनी मला जवळ बोलावून अंबाड्याला मागनं बोट लावून बघितलं, जसं पेरू पिकलाय का बघतात. “आत काय आहे?” म्हणाल्या. मी म्हटलं स्पंज. “आमच्या वेळी गुंतवळ असायचं,” म्हणाल्या, आणि पलीकडनं सासूबाई, “वन्सं, माझं असायचं, तुमचं विकतचं होतं.” पन्नास वर्षांपूर्वीचं भांडण, तिथं स्टेजवर, पंचाहत्तर दिव्यांच्या उजेडात. मी हळूच सटकले.

घालण्याबद्दल सगळे सांगतात, सोडवण्याबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून हे नीट वाचा. रात्री कितीपण झोप आलेली असली तरी सोडवूनच झोपायचं. आधी सगळ्या पिना शोधून काढा, बोटांनी चाचपून. मग कंगवा नाही! कोरड्या केसांनाच ओंजळभर कंडिशनर, त्या गादीत मुरवा, दहा मिनिटं थांबा. मग टोकाकडनं सुरुवात, बोटांनी, चार बोटं सुटले की अजून चार बोटं वर, मुळाशी सगळ्यात शेवटी. मुळाकडनं कंगवा ओढला तर ते उचललेले खवले तुटतात, आणि केसपण. मग मोठ्या दातांचा कंगवा, मग न्हाणं. मला वीस मिनिटं लागली आणि गुंतवळ निघालं ते बऱ्यापैकी, सासूबाई म्हणाल्या ठेव डब्यात. हे दर आठवड्याला करायचं काम नव्हे. वर्षातनं दोनतीनदा ठीक, लग्नसराईत रोज कराल तर पुढच्या वर्षी पफला केस उरणार नाहीत.

किट कुणी घ्यावा? दाट केस असतील, तास-दोन तासांचाच कार्यक्रम असेल, आणि बाजारात जायला अजिबात वेळ नसेल तर घ्या, स्पंज कामाला येईल, पिना आणि कंगवा त्याच दिवशी फेकून द्या. पातळ, सरळ, गुळगुळीत केस असतील तर महाद्वार रोड, १३५ रुपये, अधिक स्प्रे. मुलांच्या गॅदरिंगला पोरींचे केस घालायचे असतील तर स्प्रेपण नको, पावडर आणि उलटा कंगवा हलक्या हातानं, वर जाळी. लेक म्हणत होती पुढं साधना कट कर, म्हणजे कपाळावर कापलेल्या बटा, शोभेल, पण कपाळावर कात्री चालवायची तर ती एका दिवसाच्या थीमसाठी नव्हे, वाढायला किती महिने जातात विचारा कुणालाही.

परत करायला गेले तर ॲपवर ‘वैयक्तिक वापराची वस्तू’ म्हणून परत घेत नाहीत, ते मागवताना कुठंतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असणार. छोटा पफ लेकीनं पेन अडकवायला टेबलावर उभा केलाय, दातांत पेनं बरोबर बसतात, तेवढ्यासाठी अर्धा स्टार.

पिना आणि आकडे मिळून घालताना मोजून ३४ होते. काढताना ३३ निघाले.